सांधा बसला पाहिजे

सुतार चौकटीच्या जोडाला सांधा म्हणतो आणि हाडवैद्य गुडघ्याला. रेल्वेत एका रुळावरची गाडी जिथून दुसऱ्या रुळावर वळते, त्या जागेलाही मराठीत सांधाच म्हणतात आणि तो फिरवणाऱ्या माणसाला सांधेवाला. तिन्ही ठिकाणी आपण एकच क्रियापद वापरतो: सांधा बसतो किंवा बसत नाही. माझे थोरले मामा बार्शी लाइटवर सांधेवाले होते. मी मंगळवेढ्यात चाळीस वर्षांवर शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून देतोय. मागच्या उन्हाळ्यात नातीच्या लेगोच्या गाडीसाठी मी विजेवर फिरणारे सांधे केले. तेव्हा मामांनी हाताने केलेलं काम मला पहिल्यांदा नीट कळलं.

आमच्या गावाला रूळ नाहीत. कलचुरींची राजधानी इथे होती, दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केली ती इथेच, चोखोबा गावकुसाखाली गेले तेही इथेच. काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. रेल्वे मात्र गावाला बगल देऊन गेली. पंढरपूर आमच्यापासून जेमतेम २५ किलोमीटर, म्हणून लहानपणी रेल्वे म्हणजे पंढरपूर, आणि पंढरपूरची रेल्वे म्हणजे बार्शी लाइट.

ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभी केली. सोलापूरपर्यंत जीआयपी रेल्वे कंपनीची मोठी लाइन १८६० मध्येच आली होती, पण बार्शीसारखी मोठी बाजारपेठ तिच्यापासून बाजूला राहिली. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की हलके रूळ टाकून, दर आसावरचं वजन ५ टनांच्या आत ठेवून कमी खर्चात लाइन चालवता येते. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली, डबे-वाघिणींची चाचणी तिथल्याच न्यूले गावी घेतली गेली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १९०६ मध्ये लाइन पंढरपूरला आली, १९११ मध्ये लातूरला पोचली. १९२७ मध्ये पंढरपूरहून पुढे निघाली ती सांगोल्याच्या अंगाने मिरजेला गेली आणि मंगळवेढं तेव्हाही बाजूलाच राहिलं. १ जानेवारी १९५४ रोजी लाइन सरकारने ताब्यात घेतली, तरी आमच्या घरात कुणी तिला सेंट्रल रेल्वे म्हटलं नाही. मामा शेवटपर्यंत "मी बार्शी लाइटचा" असंच सांगायचे.

सांध्याची रचना मामांनी मला अंगणात दोन विळ्यांची पाती ठेवून समजावली होती. मुख्य रुळांच्या आत टोकाला निमुळते होत गेलेले दोन रूळ असतात. इंग्रजीत त्यांना टंग रेल म्हणतात, मामा नुसतं 'जीभ' म्हणायचे. दोन्ही जिभा एका दांडीने जोडलेल्या असतात. डावी जीभ रुळाला चिकटली की उजवी आपल्या रुळापासून सुटते, आणि गाडी एका वाटेला लागते. लिव्हर पलटला की उलट होतं. एवढंच यंत्र. पण चिकटलेली जीभ पूर्ण चिकटली नाही आणि बोटभर फट राहिली, तर चाकाची आतली कड त्या फटीत शिरते. मग पुढची चाकं एका रस्त्याला जातात आणि मागची दुसऱ्या.

म्हणून लिव्हर पलटणं हे मामांच्या लेखी अर्धंच काम होतं. लिव्हर पलटून ते चालत जिभेच्या टोकाशी जायचे, वाकून बघायचे, खडी किंवा काडी अडकली असेल तर काढायचे आणि मग कुलूप घालायचे. त्या काळच्या साध्या स्थानकांवर चावीची एक रीत होती. जीभ रुळाला पूर्ण टेकली तरच कुलपाचा दट्ट्या आत जाणार आणि कुलूप लागलं तरच चावी बाहेर निघणार. ती चावी मास्तरांच्या हातात पडली की मग सिग्नल. म्हणजे सांधा बसल्याचा पुरावा माणूस खिशात घालून घेऊन जायचा. रात्री हातात कंदील, पावसात डोक्यावर घोंगडं, आषाढीला फलाटभर वारकरी. रीत बदलायची नाही. मामा म्हणायचे, "गाडी अडली तर वेळ जातो रं. सांधा अर्धा ऱ्हायला तर माणसं जात्यात."

मामांची ही रीत जगातही ठेचा खाऊनच आली. सुरुवातीला सांधा एक माणूस फिरवायचा आणि सिग्नल दुसरा द्यायचा. दोघांचा मेळ चुकला की अपघात. १८५६ मध्ये इंग्लंडच्या जॉन सॅक्सबीने सांधे आणि सिग्नल एकमेकांत गुंतवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. सांधा एका बाजूला आणि सिग्नल दुसऱ्या बाजूचा, असं लिव्हरला करताच येऊ नये, ही त्यामागची कल्पना. पुढे तिच्यातूनच केबिन आल्या, आणि केबिनमधल्या लिव्हरच्या रांगाही.

खेळण्यातल्या गाड्यांनाही सांधे लागलेच. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले आणि मुलांना घरात लाइन वाढवता येऊ लागली. आपल्याकडे पुण्यात भाऊसाहेब जोशींनी असाच नाद आयुष्यभर जपला. कर्वे रस्त्यावरचं त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. मी लेकीला घेऊन तिथे गेलो तेव्हा तिने गाड्या बघितल्या. मी मात्र गाडी यायच्या आधी रूळ कुठे हलतो तेच बघत बसलो होतो.

लेगो ही डेन्मार्कच्या बिलुंड गावची कंपनी. ठोकळ्यांच्या गाडीला तिने १९६६ मध्ये मोटार बसवली, १९८० मध्ये १२ व्होल्टच्या गाड्यांची नवी मालिका आणली आणि तिच्यात लांबून बटण दाबून फिरवायचे विजेचे सांधेही दिले. मुलाने पेटीजवळ बसून बटण दाबायचं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला रूळ हलायचा. १९९१ मध्ये ९ व्होल्टचे धातूचे रूळ आले, तेव्हा विजेचा सांधा कंपनीने बंद केला. त्यानंतर २००६ पासून रूळ पूर्ण प्लास्टिकचे झाले, पण सांधा पिवळ्या लिव्हरने हातानेच फिरवायचा राहिला. कंपनीने सोडलेली ही जागा गेली तीसेक वर्षं जगभरचे छंदिष्ट लोक आपापल्या टेबलांवर भरून काढताहेत.

नात सुट्टीत आली ती गाडीची पेटी घेऊनच. तिला मंगळवेढ्याचं स्टेशन करायचं होतं. आमच्याकडे पंढरपूर–मंगळवेढा–विजापूर लाइनची मागणी इतकी जुनी आहे की घरातल्या पोरांनाही ती पाठ असते. मी हिशोब मांडला. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण ३७.५ मिलिमीटर. बार्शी लाइटचे ७६२ मिलिमीटर धरले तर हे मॉडेल खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं होतं, ब्रॉडगेजचे १६७६ धरले तर पंचेचाळिसाव्या. लेगोचा माणूस सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो. ४५ ने गुणला की १८० सेंटिमीटर, चांगला धट्टाकट्टा. स्टेशन ब्रॉडगेजचं करायचं ठरलं. मंगळवेढ्याला लाइन आलीच तर तीही ब्रॉडगेजचीच येणार.

पहिला सांधा मी लेगोच्याच मोटारीवर केला. मोटारीच्या दांड्यावर वर्म गियर, त्याला २४ दात्यांचं चाक. म्हणजे मोटार २४ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. वेग कमी, ताकद जास्त. विहिरीवरच्या रहाटाचं गणित हेच. पण लिव्हर टोकाला जाऊन अडला आणि मोटार थांबेना. प्लास्टिक करकरू लागलं. अडकलेली मोटार कशी जळते ते मी रोज बघतो. पंपाचा इंपेलर गाळात अडकला की वाइंडिंग काळं पडतं. या अडचणीवर लेगोमध्ये एक छोटं चाक मिळतं, २४ दात्यांचंच, मधोमध सुटं. ठरावीक जोरापेक्षा जास्त अडथळा आला की आतला भाग घसरतो. त्याच्या अंगावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असा जोरही छापलेला असतो. ते बसवलं आणि करकर थांबली. पुढे कळलं की आज आपल्या ब्रॉडगेज स्थानकांवर जी ११० व्होल्टची सांध्याची मोटार असते, तिच्यातही याच कामासाठी फ्रिक्शन क्लच असतो.

दुसऱ्या सांध्यासाठी मी एसजी-९० नावाची सर्व्हो मोटार घेतली. वजन ९ ग्रॅम, शेंगदाण्याच्या मूठभर दाण्यांएवढंही नाही. दर २० मिलिसेकंदांनी तिला एक स्पंद द्यायचा. तो १ मिलिसेकंदाचा असेल तर हात एका बाजूला जातो, २ चा असेल तर दुसऱ्या. हे स्पंद देण्याचं काम आर्डुइनो करतं. इटलीतल्या इव्रियात २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेलं हे छोटं नियंत्रक बोर्ड. लिव्हर आणि सर्व्हो यांच्यामध्ये एक मिलिमीटर जाडीची स्टीलची तार वाकवून घातली. नातीने बटण दाबलं, हात फिरला, पिवळा लिव्हर सरकला. तिने टाळ्या वाजवल्या आणि गाडी सोडली.

गाडी सांध्यावर आली. इंजिन बाजूच्या लूप लाइनला गेलं, मागचा डबा सरळ निघाला, आणि दोन्ही आडवी झाली.

वाकून बघितलं. जीभ आणि रूळ यांच्यात नखाएवढी फट होती. सर्व्होने आपलं काम चोख केलं होतं. तिच्या पोटात आपला हात कुठे आहे हे सांगणारा रोध असतो आणि तो म्हणत होता, पोचलो. पण तार किंचित लवली होती. हात पोचला, जीभ पोचली नाही. मोटारीला आपल्या हाताची खबर होती, रुळाची नव्हती.

त्या क्षणी मला मामा आठवले. लिव्हर पलटून झाल्यावर जिभेच्या टोकापर्यंत चालत जाणारे मामा. लिव्हर हातात असूनही त्यांनी लिव्हरवर कधी भरवसा ठेवला नाही.

मग मी जिभेच्या दांडीशीच एक बारीक मायक्रोस्विच बसवला. जीभ रुळाला पूर्ण टेकली तरच तो दाबला जाणार, आणि तो दाबला तरच स्टेशनवरचा हिरवा दिवा लागणार. मोटारीला काय वाटतं हे आता कुणी विचारत नाही, फक्त जिभेला विचारतात. खऱ्या रेल्वेतही असंच आहे. जीभ ओढणारी दांडी वेगळी असते आणि जीभ पोचली की नाही ते सांगणाऱ्या दांड्या वेगळ्या, प्रत्येक जिभेला स्वतंत्र. सिग्नल या दुसऱ्या दांड्यांचं ऐकतो. देखभालीची माणसं ५ मिलिमीटर जाडीची पट्टी जीभ आणि रुळाच्या मध्ये धरून सांधा फिरवून बघतात. पट्टी मध्ये असताना तो कुलूपबंद झाला तर सांधा नापास. खडी शोधणारं मामांचं बोट आता या पट्टीत आलंय आणि त्यांच्या चावीचं काम विजेचा संपर्क करतोय.

नातीने विचारलं, "आबा, दिवा नाही लागला तर काय करायचं?" मी म्हटलं, "मग गाडी सोडायची नाही. खाली वाकून बघायचं." सुट्टी संपेपर्यंत तिने ते कसोशीने पाळलं. दोनदा दिवा लागला नाही. एकदा जिभेखाली ज्वारीचा दाणा अडकला होता, एकदा तिचाच रबर.

बार्शी लाइटचे अरुंद रूळ या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत निघाले आणि त्या जागी ब्रॉडगेज आली. त्याचं दुःख नाही. पंढरपूरला मोठी गाडी यायलाच हवी होती. पण रूळ निघाले तसे त्या कामाचे शब्दही निघून चाललेत. जीभ, दट्ट्या, चावीची रीत, कंदिलाच्या खुणा हे सगळं मामांच्या तोंडी होतं आणि ते गेल्यावर मला निम्मंच आठवतं. इंजिनांचे फोटो पुष्कळ आहेत, कॅलथ्रॉपवर लिहिणारेही आहेत. सांधा कसा बसवायचा हे मराठीत कुणी लिहून ठेवलेलं माझ्या बघण्यात नाही.

कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, सांगोला, लातूर, मिरज या भागातल्या घराघरांत अजून बार्शी लाइटची माणसं आहेत, ऐंशी-नव्वदीतली. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: लिव्हर पलटल्यावर तुम्ही नेमकं काय बघायचात? ते जे शब्द वापरतील ते तसेच लिहून घ्या.