भोंगा थांबल्यावर

वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की विहाराचं बांधकाम कधी झालं, मूर्ती कधी बसवली, वर्गणी कोणी किती दिली हे लिहिलं जातं. ते लिहायलाच हवं. पण आपल्या गिरणगावातल्या वस्त्यांचा आणखी एक इतिहास आहे आणि तो कुठल्या जमाखर्चाच्या वहीत सापडत नाही. घरात पैसा नाही, दुकानदाराची उधारी थकलेली, मन खचलेलं आणि डॉक्टरकडे जायची ऐपत नाही, अशा दिवसांत आपली माणसं कशी तगली याचा तो इतिहास. आजही काम सुटलेला तरुण आणि हप्त्यांच्या काळजीने झोप उडालेला बाप आपल्याच जिन्यावर भेटतो. म्हणून तो मांडावासा वाटला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप रीतसर मागे घेतला असं कधी जाहीर झालंच नाही. वर्ष-दीड वर्षात तो विरत गेला आणि लाखाच्या घरात माणसं कायमची कामाबाहेर पडली. पुढे गिरण्याच बंद झाल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले.

आपल्या समाजाला हा घाव जास्त खोल बसला, त्याचं मूळ जुनं आहे. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला. पण तिथे धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे उभं करत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. आपल्या माणसांच्या वाट्याला आलं ते बहुतेक कताईचं, कमी पगाराचं काम, आणि कित्येकांना तेही बदली म्हणून. ज्याच्या गाठीला चार पैसे साठलेच नाहीत, त्याला संपाचा पहिलाच महिना जड गेला.

पैशाचं नुकसान मोजता येतं. दुसरं नुकसान मोजायला माप नव्हतं. गिरणीचा भोंगा म्हणजे साऱ्या चाळीचं घड्याळ. कधी उठायचं, डबा कधी भरायचा, पाळी कधी सुटायची हे तो सांगायचा. भोंगा थांबला आणि धडधाकट माणसाला सकाळ कशासाठी उजाडते हेच कळेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, जेवण नको, कोणाशी बोलणं नको, पोराने काही विचारलं की अंगावर धावून जायचं. बायामाणसं म्हणायची, "ह्यांनी हाय खाल्लीय." डिप्रेशन हा शब्द तेव्हा चाळीत कुणाच्या तोंडी नव्हता. दुखणं मात्र तेच होतं.

यातून घरं सावरली ती बहुतांशी बायकांनी, हे पुरुषांनी आता तरी मोकळेपणाने म्हणावं. कोणी खानावळीचे डबे सुरू केले, कोणी घरकाम धरलं, कोणी पापड लाटले. पापडाची वाट तर आधीच दाखवलेली होती. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतचा घाट घातला होता. खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून काढून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं.

आणि भिशी! तिच्यावर कोणी ग्रंथ लिहिला नाही, पण तिचे उपकार मोठे. दहा-पंधरा बायका, दरमहा ठरलेली रक्कम, आणि चिठ्ठी निघेल तिला सारी उचल. एखादीच्या घरी आजारपण असलं की बाकीच्या म्हणायच्या, "चिठ्ठी राहू दे, ह्या वेळेला तिला द्या." यात पैशाइतकंच दुसरं काहीतरी घडत होतं. भिशीत बसायचं तर घरची अडचण चार जणींसमोर बोलावी लागे. कर्ज किती, कोणाचं, व्याज काय, हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की त्याला आकार येतो. आधी कोणाचं फेडायचं, कोणाला थांबवायचं हे सुचतं. पुरुष नेमकं हेच लपवत. जो बायकोलासुद्धा कर्जाचा आकडा सांगत नसे, तो गुत्त्यात किंवा मटक्याच्या अड्ड्यावर सापडे. सगळेच तगले असं आम्ही म्हणणार नाही. काही घरं बसली ती बसलीच.

पुरुषांना धरून ठेवलं ते संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेने. विहारात वंदनेची वेळ ठरलेली. जयंती जवळ आली की गायन पार्टीची तालीम, मंडपाची कामं, वर्गणीच्या फेऱ्या. "अहो, पेटी धरायला माणूस नाही, चला," म्हणून हाक आली की पडून राहिलेला माणूस सदरा चढवून खाली उतरे. यामागे उपचार म्हणून कोणाचा विचार नव्हता. गरज खरीच होती आणि त्याला ठाऊक होतं की ती खरी आहे.

दुःख बोलून दाखवणं पुरुषाला शोभत नाही, असं आपल्याकडे अजून मानतात. त्यांनी १९२६ साल आठवावं. बाबासाहेब तेव्हा परळच्या पोयबावडीतल्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. बॅरिस्टर झाले होते, पण वकिलीला जोर नव्हता. घर चालावं म्हणून बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. त्या जुलैत लाडका राजरत्न गेला. चार मुलं गमावलेल्या या बापाने १६ ऑगस्टला मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. आपलं आयुष्य कसं बेचव झालं आहे, हे त्यात काही न झाकता लिहिलेलं आहे. पुढच्याच मार्चच्या २० तारखेला ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. पत्र लिहिलं म्हणून महाड घडलं असा हिशेब आम्ही मांडत नाही. पण एवढा मोठा माणूस मन मित्रापाशी मोकळं करत होता, हे पोलादी पुतळे पाहून आपण विसरतो.

चाळीत जे आपोआप घडलं, त्याची पुढे शास्त्राने पारख केली. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. साध्या माणसांना शिकवून तयार केलं आणि बऱ्याच तीव्र नैराश्यातल्या लोकांशी त्यांनी सहा ते आठ बैठका बोलायचं, असं ठरवलं. भर कशावर? बंद पडलेली कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करण्यावर, माणसांत जाण्यावर, अडचणींची उकल करण्यावर. ४९५ जणांवरच्या या अभ्यासाचा निकाल २०१६ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते. केंद्रातले नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

आफ्रिकेत झिम्बाब्वेच्या हरारे शहरातही २००६ पासून असंच काम चालू आहे. दवाखान्याबाहेर एक बाक आणि त्यावर शिकवून तयार केलेली वस्तीतली एक आजी. ती सगळ्या अडचणी ऐकून घेते आणि त्यातली एकच आधी हातात घ्यायला लावते. तिथल्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अतिविचार. आपल्या आयाबाया म्हणतातच की, "विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली."

मात्र गप्पा, भिशी आणि तालीम यांनी सगळं बरं होतं, असं कोणी समजू नये. दोन आठवडे झोप-भूक हरवलेली, कामात हात चालत नाही, भास होतात किंवा जीव द्यायची भाषा तोंडात येते, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. गोएंका गुरुजींनी १९६९ पासून भारतात रुजवलेली विपश्यना शिबिरं विनाशुल्क असतात, पुष्कळांना त्यांचा आधार झाला आहे. पण गंभीर मानसिक आजारात ती औषधाची जागा घेत नाहीत, हे त्या केंद्रांचंही सांगणं आहे. अंगारेधुपारे, बाबा-बुवा यांच्याकडे तर २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घराने पाऊलच टाकू नये. तिथला खर्च कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त निघतो.

डॉक्टर म्हणजे महागडाच असंही नाही. केईएम, नायर आणि शीव या तिन्ही पालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या फलकावर, वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी लावावा. आणि ज्याला एकट्याने फोन करायचा धीर होत नाही, त्याच्याजवळ कोणीतरी बसावं.