६५५३५

पुण्यातल्या कॉम्प्युटरचा इतिहास कुणी सांगायला लागलं की तो १९८८ साली सी-डॅकपासून सुरू होतो, १९९१च्या 'परम ८०००'पाशी छाती फुगवतो आणि तिथून थेट हिंजवडीची बस पकडतो. त्याच्या आधीही काही घरांत टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर होते, त्यांचं नाव कुणी काढत नाही. परवा दादाकडे माळा आवरताना आमचा स्पेक्ट्रम हाती लागला, म्हणून हे लिहायला बसलोय. आणखी एक कारण आहे, पण ते ओघात येईलच.

झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२मध्ये बाजारात आला. सिंक्लेअर कंपनीचा. रबरी बटणांचा, वहीएवढा. त्याचे दोन प्रकार होते: १६के मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८केचा १७५ पौंडांना. (के म्हणजे १०२४ बाइट. आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा ४८केत मावणार नाही.) पुढे १९८६मध्ये पुण्याच्याच डेसिबेल्स कंपनीने रीतसर परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला, तो घेतलेले वाचक इथे असतील तर हात वर करा :) आमचा मात्र त्याआधीचा. १९८३ साली आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, इंग्लंडहून सुट्टीवर आले तेव्हा घेऊन आले. १६केचा. आमच्या टीव्हीला यूएचएफ नव्हतं आणि हा पठ्ठ्या यूएचएफवरच बोलायचा, त्यामुळे पहिले चार महिने तो शोकेसमध्ये बाहुल्यांशेजारी होता. असो, ती वेगळी पोस्ट होईल.

१६केतले सात हजार बाइट चित्राच्या पडद्यालाच जायचे. उरलेल्या नऊ हजारांत काय ते करा! चांगले गेम सगळे ४८केचे. तेव्हा मेमरी वाढवणं हा त्या काळच्या सगळ्याच घरगुती कॉम्प्युटरवाल्यांचा ध्यास होता. स्पेक्ट्रमचा थोरला भाऊ झेडएक्स-८१ (मार्च १९८१) तर फक्त १केचा. त्याला मागून १६केचा एक डबा लावायचा. तो डबा नुसत्या पट्टीवर टेकलेला असे, टाइप करताना मशीन हललं की डबा डुगडुगायचा, क्षणभर संपर्क तुटायचा आणि तासाभराचं काम गडप! लोक त्याला चिकटपट्टी लावत, मागे चिकणमातीसारखा गोळा थापत. इंग्लंडात हा डुगडुगता डबा म्हणजे विनोदाचा विषय झाला होता.

स्पेक्ट्रममध्ये ही भानगड नव्हती. सुरुवातीच्या बोर्डांवर वाढीव मेमरीसाठी रिकामी सॉकेट्स ठेवलेलीच होती. त्यात आठ मेमरी चिप्स आणि चार छोट्या लॉजिक चिप्स बसवल्या की १६केचा ४८के. त्या आठ चिप्सची एक गंमत आहे. त्या होत्या ६४ किलोबिटच्या, पण अर्ध्याच चांगल्या! कारखान्यात तपासणीत ज्यांचा एक अर्धा भाग बाद निघाला, त्या फेकून न देता ३२ किलोबिटच्या म्हणून स्वस्तात विकल्या जात आणि सिंक्लेअर त्या घेई. अट एकच, आठही चिप्सचा चांगला अर्धा भाग एकाच बाजूचा हवा. कोणती बाजू ते बोर्डवरच्या एका वायरच्या जोडणीने ठरायचं. थोडक्यात, नापास पोरांचा वर्ग, पण सगळे एकाच विषयात नापास झालेले. मला ही कल्पना आजही फार आवडते.

१९८५मध्ये काकांनी असं एक किट ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं. बसवायचं काम अर्थातच दादाचं, तो तेव्हा इंजिनियरिंगला होता. मी तेरा वर्षांचा, माझं काम स्क्रू वाटीत ठेवायचं. मध्येच शेजारच्यांकडे दादाचा फोन आला म्हणून तो गेला. दोन चिप्स बसवायच्या राहिल्या होत्या. त्या मी बसवल्या. तो परत आला तेव्हा मी शहाण्यासारखा वाटीपाशी बसलो होतो.

मशीन सुरू झालं, नेहमीसारखं. मेमरी किती आहे ते पाहायची एक ओळ असते, पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. ४८के असेल तर उत्तर ६५५३५ यायला हवं. आलं ३२७६७. म्हणजे १६केच. दादाने चार वेळा बंद-चालू केलं. ३२७६७.

याचं कारण आत्ता सांगायला सोपं आहे. स्पेक्ट्रम सुरू होताना प्रत्येक बाइटमध्ये एक आकडा लिहितो, मग खालपासून एकेक वाचून बघतो. जिथे पहिली चूक सापडेल तिथे मेमरी संपली असं धरतो आणि मुकाट्याने कामाला लागतो. तक्रार नाही, सूचना नाही. खराब मेमरी आणि नसलेली मेमरी यांत त्याला फरकच कळत नाही. त्यामुळे वाटतं की अख्खं किटच मेलेलं आहे. दादालाही तसंच वाटलं. बुधवार पेठेत रेडिओचे पार्ट विकणाऱ्या दोघांना विचारून झालं, त्यांनी मान हलवली. मग दादाने काकांना एरोग्राम लिहिला की किट सदोष निघालं, दुकानदाराने फसवलं. वडिलांनी खाली दोन ओळी जोडल्या की उगाच खर्चात पडलात.

तीन आठवड्यांनी काकांचं उत्तर आलं. आधी क्षमा मागितलेली, 'मी नीट चौकशी करून घ्यायला हवं होतं' वगैरे. ते वाचताना मला कुठे पाहावं कळेना. आणि खाली, तिथल्या कुठल्याशा मासिकातून उतरवून घेतलेली तपासणीची पद्धत.

ती अशी. प्रत्येक बाइटमध्ये आठ बिट आणि आठ चिप्स प्रत्येकी एकच बिट सांभाळतात. भजनातल्या आठ जणांसारखं, एकाचा सूर गेला तर तो प्रत्येक ओळीत जाणार. तेव्हा ३२७६८च्या पुढच्या पत्त्यांवर पोक करून शून्य घालायचं आणि पीक करून परत वाचायचं. आठही चांगल्या असतील तर शून्यच येईल. जे येईल तो आकडा म्हणजे आजारी चिपचं नाव: १, २, ४, ८, असं १२८पर्यंत. भलतेच, दर वेळी वेगळे आकडे आले तर मात्र चिप्सपेक्षा लॉजिकवाल्या चौघांवर संशय घ्यायचा.

आम्ही शून्य घातलं. १६ आलं. पुढच्या पत्त्यावर १६. चाळीस हजारावर १६. साठ हजारावर १६. मीटर नाही, स्कोप नाही, दहा ओळींचं बेसिक आणि टीव्ही! मला वाटतं कॉम्प्युटर म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं, नंतरच्या पदवीत नाही.

१६ म्हणजे पाचवा बिट. दादाने ती चिप उपसून काढली. एक पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडला गेला होता, वरून बघून काहीच कळत नव्हतं. त्याने पक्कडीने सरळ केला, परत बसवली. ६५५३५.

दादा काहीच बोलला नाही. त्याला वाटलं चूक त्याची आहे. पुढच्या पत्रात त्याने 'आता चालतंय' एवढंच लिहिलं. कसं चालायला लागलं ते लिहिलं नाही, आणि मी त्याला ते लिहायला लावलं नाही. काका पुढे दर भेटीत ते किट निघायचं, 'मागच्या वेळी फसलो बुवा' म्हणायचे आणि काहीही आणायचं तर दोन-दोन दुकानांत विचारून आणायचे. २००१मध्ये ते गेले.

आत्या, तू हे वाचतेस म्हणून लिहितोय. किट उत्तम होतं. आणि दादा, ती पाचवी चिप तुझी नव्हती.

परवा मशीन उघडलं तर चिप्स जागच्या जागी आहेत. लगेच सुरू करून बघा असा घरातल्या पोरांचा धोशा होता, मी ऐकलं नाही. अशा जुन्या मशीनमध्ये आधी अ‍ॅडॉप्टर आणि आतले व्होल्टेज तपासायचे असतात. पहिल्या १६केच्या चिप्सना ५ आणि १२ व्होल्टबरोबर उणे ५ व्होल्टही लागतात. ते उणे ५ बनवणारं सर्किट गेलेलं असेल आणि आपण तसंच चालू ठेवलं, तर चिप्स जळतात. सुटे भाग मिळायला आता १९८५पेक्षा सोपं झालंय, पूर्ण चांगल्या ६४ किलोबिटच्या चिप्सही मिळतात. पण बदलायची वेळ आली तरी वरच्या आठ मी बदलणार नाहीये. दादा पुढच्या रविवारी मीटर घेऊन येतोय.