ई-मेल सर्व्हरला मेमरी किती लागते?

मंडळाचे संकेतस्थळ झाले की पाठोपाठ मंडळाच्या नावाचा ई-मेल हवा, हा विषय कार्यकारिणीत येतोच. सर्व्हर भाड्याने घ्यायचा तर दरपत्रकात १, २, ४, ८ जीबी असे मेमरीचे आकडे असतात आणि आकड्याबरोबर भाडेही वाढते. पैसा सभासदांच्या वर्गणीचा. तेव्हा नेमकी गरज किती, हे आधी समजून घेतलेले बरे.

मेमरी वेगळी, साठवण वेगळी

मोबाइलमध्ये फोटो फार झाले की आपण ‘मेमरी भरली’ म्हणतो, पण भरलेली असते ती साठवणीची जागा. सर्व्हरची मेमरी म्हणजे रॅम, प्रत्यक्ष काम चालू असताना लागणारी जागा. कोठीघर आणि ओटा यांत जो फरक, तोच इथे. आलेली पत्रे डिस्कवर राहतात. पंधरा वर्षांची इतिवृत्ते आणि स्मरणिका साठल्या तर डिस्क मोठी लागेल, रॅम नव्हे.

पत्रांची ने-आण हलकी

पत्रे पाठवण्या-स्वीकारण्याचे काम अनेक ठिकाणी पोस्टफिक्स करते. वीत्से व्हेनेमा यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९९८ साली खुला झाला. पेटीतली पत्रे आपल्या फोनवर किंवा संगणकावर दाखवण्याचे काम डव्हकॉट करते. दोन्ही काटकसरी आहेत. वीस-पंचवीस खाती असतील तर लिनक्ससह दोन्ही १ जीबीत चालतात. गणेशोत्सवाचे निमंत्रण एकदम चारशे घरी पाठवले तरी ताण पडत नाही, कारण पत्रे डिस्कवरच्या रांगेत थांबतात आणि थोडी थोडी पुढे जातात.

खरी भूक तपासणीची

नको असलेली पत्रे वेगळी काढणाऱ्या स्पॅमअसॅसिनच्या एकेका प्रक्रियेला सुमारे १०० एमबी लागू शकतात, आणि अशा काही प्रक्रिया एकाच वेळी चालतात. व्हायरस शोधणारे क्लॅमएव्ही त्याहून खादाड. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची संपूर्ण यादी ते रॅममध्ये घेऊन बसते. त्यासाठी १ जीबीहून अधिक जागा जाते, मग दिवसाला एक पत्र येवो की हजार. नवी यादी आली की जुनी आणि नवी काही काळ एकत्र असतात, आणि तेवढ्या वेळेपुरती गरज जवळपास दुप्पट होते.

कमी पडली तर

रॅम संपली की लिनक्स स्वतःच एखादी प्रक्रिया बंद करते. बहुधा सर्वांत मोठी, म्हणजे क्लॅमएव्ही. मग मांडणीनुसार पत्रे तपासणीविना आत येतात किंवा ‘नंतर पाठवा’ म्हणून परत थांबवली जातात. पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मूळ मांडणीत ५ दिवस करत राहते. म्हणून पत्र सहसा हरवत नाही, पण उशिरा पोहोचते. निमंत्रण उशिरा आले तर चुटपूट लागते. ज्येष्ठ सभासदाच्या निधनाची वार्ता अंत्यदर्शनानंतर मिळाली, तर त्याला भरपाई नाही.

लहान मंडळासाठी अंदाज

- १ जीबी: फक्त पत्रांची ने-आण, तपासणी बाहेरच्या सेवेकडे.
- २ जीबी: स्पॅम-तपासणी आणि ब्राउझरमधून पत्रे पाहण्याची सोय.
- ४ जीबी: वरील सर्व, शिवाय क्लॅमएव्ही.
- ६ जीबी आणि १ जीबी स्वॅप: मेलकाऊसारखा तयार संच घेतल्यास. त्याच्या मूळ मांडणीसाठी ही किमान अट आहे.

मेमरी बेताची असेल तर क्लॅमएव्हीला दोन्ही याद्या एकत्र न ठेवण्याची सूचना देता येते. यादी बदलेपर्यंत तपासणी थोडी थांबते, एवढेच.

सर्व्हर सुरू झाल्यावर ‘फ्री’ ही आज्ञा देऊन पाहावे. त्यात ‘फ्री’ नावाच्या रकान्यातला आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नये. रिकामी रॅम लिनक्स डिस्कवरची माहिती हाताशी ठेवण्यासाठी वापरते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. नवी यादी चढत असतानाही तिथे काही शिल्लक दिसत असेल, तर घेतलेली मेमरी पुरेशी आहे. त्याहून मोठ्या सर्व्हरवर वर्गणी खर्च करण्याचे कारण नाही.