शनवार तेली

धर्मसहिष्णुतेचा इतिहास सांगताना आपण बहुधा राजांची फर्माने वाचतो. परंतु निराळ्या श्रद्धेच्या माणसाला रोजचे आयुष्य काढावे लागते ते राजाजवळ नव्हे, शेजाऱ्याजवळ. म्हणून आज दरबार बाजूला ठेवून आपण कुंडलिकेच्या काठाने जाऊ. रोहे आणि अष्टमी यांच्यामधून वाहणारी ही नदी पुढे खाडी होऊन रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते.

या मुखाशी पोर्तुगीज होते. १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने त्यांनी चौलला किल्ला उभारण्यास आरंभ केला. १७४० पर्यंत ते ठाणे त्यांच्या हाती राहिले. त्यांच्या कागदांत हिंदूंना ‘जेंतियू’ म्हणत, म्हणजे खरा देव न ओळखणारे मूर्तिपूजक. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले आणि त्याचा अधिकार चौल-वसईपर्यंत चालू लागला. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला. प्रियोळ तेव्हा आदिलशाहीत होते. हिंदूंच्या देवाला मुसलमान सुलतानाच्या मुलखात आसरा मिळाला! मुलूख दुभंगलेला असला की माणसे भरडली जातात हे खरे. पण तोच दुभंग कधी कधी पळून जायला पैलतीरही देतो.

हे न्यायालय मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर नजर ठेवी, आणि ती नजर थेट स्वयंपाकघरात शिरे. अंगणात तुळस आहे काय? शनिवारी चूल पेटली नाही काय? अंगावर धुतलेले वस्त्र का? एवढ्यावरून संशय येई, आणि अशी बातमी पुरवायला शेजाऱ्यावाचून दुसरा कोण असणार? वनस्पतींवरील ग्रंथाने ख्यातनाम झालेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने बुऱ्हाण निजामशहावर औषधोपचार केले होते. त्याचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. तो १५६८ मध्ये वारला; दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. अपराध एकच: गुपचूप ज्यू राहिल्याचा.

आता तोच शनिवार आपल्या गावांत पाहा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी ही आपली मूळपुरुषमंडळी, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. त्यांचे ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. उरले ते ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द, आठव्या दिवशीची सुंता, खवले नसलेली मासळी न खाण्याचा नेम आणि शनिवारची विश्रांती. पुढे हे लोक तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. गावाने त्यांना काय म्हटले? ‘शनवार तेली’. गोव्यात जी खूण चितेपर्यंत नेई, ती इथे नुसती ओळख झाली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे. मराठी ही त्यांची घरची भाषा. एकोणिसाव्या शतकात पेणेत आणि अष्टमीत त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली.

तथापि बंधुभगिनींनो, या चित्रावर फार खूष होऊन चालणार नाही. शेजाऱ्यांनी त्यांना सामावले ते एक जात म्हणून. आपल्या पायरीवर, आपल्या पंक्तीला. जातीची ही रीत त्या समाजातही मुरली आणि ‘गोरे’ व ‘काळे’ असे भेद त्यांच्यातही पडले. दुसरी गोष्ट याहून कठोर आहे. याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी परधर्मीयाला मोकळे होते. अस्पृश्य मानलेल्याला मात्र नव्हते. नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून तळे खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तेथे ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा जमावाने सत्याग्रहींवर हल्ला केला, आणि मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ही झाली. निराळा देव आम्ही सोसला. सारख्या हक्काचा माणूस सोसला नाही. ठराव होता, शेजार नव्हता. अखेर १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला.

१९४८ नंतर बेने इस्रायल मंडळी मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. त्यांना येथून कोणी हुसकले नव्हते. उलट, हे खरे ज्यू आहेत काय, ही शंका तेथील धर्मपीठाने काढली. १९६४ मध्ये तेथील संसदेला त्यांचे समान स्थान जाहीर करावे लागले. स्वधर्मीयांनीही दाखला मागावा, असा हा प्रसंग!

पेण-रोह्याचा हा वारसा दुहेरी आहे. शेजाऱ्याच्या बंद घाण्याची चौकशी न करता त्याच्या दिवसाला नाव देण्याचे शहाणपण आपल्याजवळ होते. पण त्याला आपल्या पाणवठ्यावर बरोबरीने उभे करण्याचे धैर्य नव्हते. पहिल्याने माणूस जगतो. दुसऱ्यावाचून तो नागरिक होत नाही.