हातावेगळं

काम संपवण्याला मराठीत किती शब्द आहेत बघा. उरकणं, आटोपणं, संपवणं, पुरं करणं, तडीस नेणं.. आणि माझा सगळ्यात आवडता, हातावेगळं करणं. उरकणं म्हणजे एकदाचं कसंतरी. आटोपणं म्हणजे निघायची घाई. पण हातावेगळं करणं म्हणजे त्या कामाला आता आपल्या हाताची गरज उरलेली नाही. सुटलं ते, त्याच्या वाटेने जाऊदे.

आम्हा आयटीवाल्यांचं काम असं कधी हातावेगळं होतच नाही. 'डन' म्हटलेली गोष्ट टेस्टिंगमधून परत येते, टेस्टिंगमधून सुटलेली क्लायंटकडून परत येते. 'नव्वद टक्के झालंय' हे वाक्य तर आमच्याकडे चार-चार महिने शिळं होत नाही :) म्हणून गेले काही वीकांत एकच प्रश्न डोक्यात आहे. हाताने काही घडवणारी माणसं 'आता हे पूर्ण झालं' असं कशावरून ठरवत असतील? त्या नादात पैठणीबद्दल वाचायला लागलो आणि तिथेच अडकलो. कारण पैठणीत 'पूर्ण' म्हणजे काय याची परीक्षा फार सोपी आहे. साडी उलटी करून बघायची. बस्स.

आधी थोडा इतिहास. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, गोदावरीकाठची सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' नावाने ओळखली जाते. त्यात पैठणचा उल्लेख आहे आणि आपल्याकडे तो फार अभिमानाने सांगितला जातो. पण नीट वाचलं तर गंमत कळते. पेरिप्लसमध्ये पैठणहून भडोचच्या बंदराकडे जाणारा माल आहे तो रंगीत दगडांचा, गोमेद-अकीक जातीच्या खड्यांचा. कापड येतं ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून! म्हणजे 'दोन हजार वर्षांपूर्वी रोमन बायका पैठणी नेसायच्या' वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते जरा आवरून घ्यायला हवेत. या भागात कापडाचा व्यापार मोठा होता हे मात्र खरं.

पैठणी म्हणून आपण जी साडी ओळखतो तिचा भरभराटीचा काळ बराच अलीकडचा. पेशवाईत पैठणच्या कापडाला मागणी होती, पुढे हैदराबादच्या निजामाच्या घराण्यानेही या विणकरांना आश्रय दिला. पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. येवला मात्र ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, नाशिक जिल्ह्यात. (शिर्डीला जाऊन आलेल्यांसाठी खूण: कोपरगाव ओलांडलं की पुढे येवला. आणि १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेच हे येवला.) रघोजीबाबा नाईकांनी विणकर आणून गाव वसवलं असं येवल्यात सांगतात. एकच कला, मध्ये राज्याची सीमा, आणि तरी ती दोन्हीकडे टिकली. २०१० च्या सुमारास पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला तेव्हा ही दोन्ही गावं त्यात आली.

आता मुद्द्याकडे. पैठणी उलटी करून का बघायची?

साध्या विणकामात उभ्या धाग्यांचा ताणा असतो आणि आडवा धागा घेऊन धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. सरळ मामला. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. पदराची जमीन जरीची, आणि त्यात मोर, पोपट, कमळ, आसावलीची वेल हे सगळं रंगीत रेशमात. आता मोराच्या मानेचा निळा धागा फक्त मानेपुरताच हवा. म्हणून प्रत्येक रंगाच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी छोटी तिल्ली असते. निळी तिल्ली मानेच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकते आणि मागे फिरते. जरी तिथून पुढे निघते, चोचीपाशी थांबते, लाल तिल्ली पुढचं काम उचलते. एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या. सगळ्यांनी आपापलं काम केलं की एक ओळ झाली. मग फणीचा ठोका. मग पुढची ओळ.

'कडियाल' म्हणतात त्या प्रकारात काठ आणि अंगसुद्धा असेच एकमेकांत अडकवतात. तीन धोटे, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. म्हणून हिरव्या काठात जांभळ्या अंगाची छटाही मिसळत नाही.

या पद्धतीचा परिणाम असा की धागा जिथे नको तिथे तो नसतोच. मागच्या बाजूने लोंबत पुढच्या मोरापर्यंत जात नाही. म्हणून मागचा मोर जवळजवळ पुढच्या मोरासारखाच दिसतो. साडी मागावरून उतरली की करण्यासारखं फारसं उरत नाही. सुटी टोकं कातरायची, घडी घालायची. 'फिनिशिंग' नावाचा वेगळा टप्पा जवळपास नाहीच, कारण ते प्रत्येक ओळीत आधीच झालेलं असतं.

मला इथे थांबावंसं वाटलं. आम्ही आधी सगळं बांधतो आणि मग साफसफाईसाठी शेवटी वेळ ठेवतो (जो कधीच उरत नाही). इथे साफसफाई शेवटावर टाकायची सोयच नाही. तिसाव्या ओळीत चुकलेलं दोनशेव्या ओळीत लक्षात आलं तर एकशे सत्तर ओळी उसवा, नाहीतर ती चूक घेऊन पुढे जा. अन्डू नाही, बॅकअप नाही. त्यामुळे भरगच्च पदराच्या साडीला महिनोन्महिने लागतात, तेव्हा ते फक्त नक्षीचे महिने नसतात. त्यात मागची बाजू नीट ठेवण्याचेही महिने असतात.

याच्या अगदी उलट वाटेने जाणारं यंत्र आमच्या धंद्याचं पूर्वज आहे, हा एक मजेदार योगायोग. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ मध्ये पंच केलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. भोक असेल तर धागा उचल, नसेल तर राहूदे. एक आणि शून्य! १८३९ साली खुद्द जकार्डचं रेशमी चित्र अशा मागावर विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि पाहुण्यांना ते चित्र छापलेलं वाटायचं. आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना बॅबेजने याच मागावरून उचलली. म्हणजे मी जे करून पोट भरतो त्याची एक मुळी मागातच आहे.

पण जकार्डच्या मागावर जेव्हा नक्षीसाठी जादा धागा काठापासून काठापर्यंत टाकतात, तेव्हा जिथे नक्षी नाही तिथे तो मागच्या बाजूला मोकळा तरंगत राहतो. मग विणून झाल्यावर ते तरंगणारे धागे कातरतात, किंवा तसेच ठेवतात. समोरून मोर झकास. मागे बघाल तर धाग्यांचं जंगल. यंत्राने वेळ वाचवला तो कुठून, हे त्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

काश्मीरने तिसरीच वाट काढली होती. कानी शालीसुद्धा अशाच, रंगागणिक वेगळ्या छोट्या काड्यांनी विणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, या शालींची मागणी इतकी वाढली की एकच शाल तुकड्यातुकड्यांनी अनेक मागांवर विणायला लागले. मग रफूगर ते तुकडे असे जोडायचे की सांधा सापडू नये. म्हणजे शाल 'पूर्ण' करणारा माणूसच वेगळा झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूलं वेगळ्या टीमकडे आणि इंटिग्रेशन शेवटी. पुढे १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर ती बाजारपेठ कोसळली आणि काश्मिरी विणकरांचे अतोनात हाल झाले. वेग ज्या बाजारासाठी वाढवला तो बाजारच गेला.

पैठणीचा आश्रयदाताही गेलाच होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १९४८ मध्ये निजामी. पण दरबारी गिऱ्हाईक आणि विणकर यांच्यात एक गोष्ट होती. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळत होतं. उलटी बाजू कोणी शिकवावी लागत नव्हती.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-मी. पैठणी आपल्या डोक्यात पक्की बसली त्यात टीव्हीचा मोठा वाटा. 'होम मिनिस्टर' २००४ ते २०२२ चाललं, दर भागात एक वहिनी आणि एक पैठणी. नाव घराघरात पोचलं, चांगलंच झालं. पण टीव्हीवर काय किंवा फोनवरच्या फोटोत काय, साडी कायम समोरूनच दिसते. आणि समोरून यंत्रमागावरची नक्कल आणि हातमागावरची अस्सल यात चटकन फरक कळत नाही. किमतीत मात्र कित्येक पट. मग नक्कल घेणाऱ्याला वाटतं आपण शहाणे, आणि विणकराला ऐकावं लागतं, 'हीच साडी तिकडे तीन हजारात मिळते की.'

कायदे आहेत. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ चा, सर्वोच्च न्यायालयाने तो १९९३ मध्ये उचलून धरला. रेशमाच्या शुद्धतेचं सिल्क मार्क २००४ पासून, हातमागाची खूण २००६ पासून. हे सगळं हवंच. पण सिल्क मार्क धागा रेशमाचा आहे एवढंच सांगतं, तो कसा विणला ते सांगत नाही. ते फक्त साडीची पाठ सांगते.

मी रावेतला राहतो. इथे दर सहा महिन्यांनी एक नवा टॉवर 'पूर्ण' होतो. लॉबीत संगमरवर, गेटवर कारंजं, आणि पाठीमागच्या डक्टमध्ये उघडे पाइप आणि गिलाव्याविना भिंत. आम्हीही घर घेताना लॉबीच बघतो, डक्ट कोण बघतंय! आणि सोमवारी ऑफिसात जाऊन डेमोपुरता चकचकीत स्क्रीन करतो, मागचा कोड 'नंतर बघू'. ज्याची पाठ कोणी बघत नाही ते असंच होत जातं. यात कोणी फार वाईट असतं असं नाही. पाठीचे पैसे कोणी देत नाही, इतकंच.

म्हणून माझ्यापुरता निष्कर्ष असा की, पैठणी विणकराने जपली हे खरं, पण ती पूर्ण करायला तिची पाठ बघणारं गिऱ्हाईकही लागतं. तेव्हा मंडळी, यंदाच्या लग्नसराईत दुकानात गेलात तर भाव विचारायच्या आधी पदर उलटा करा. मागे धागे तरंगताना किंवा कातरलेले दिसले तर ती साडी वाईट असं नाही, पण तिचा भाव वेगळा. आणि मागेही मोर तसाच दिसला तर घासाघीस जरा जपून करा. त्या मागच्या मोराला पुढच्याइतकाच वेळ लागलाय.

जाता जाता एक. हातमागावर एक ताणा संपला की तो मुळापासून उपटून टाकत नाहीत. शेवटची साडी कापून घेतात, पण उभ्या धाग्यांची टोकं मागातच ठेवतात, आणि नव्या ताण्याचे हजारो धागे त्या जुन्या टोकांना एकेक करून पिळून जोडतात. मग जुन्याच्या आधाराने नवा ताणा फणीतून पुढे ओढला जातो. म्हणजे साडी हातावेगळी होते, काम होत नाही. झालेल्या कामाचं शेपूट धरूनच पुढचं सुरू होतं.

असो. शनिवार संपला, मलाही डक्टकडचा एक कोड साफ करायचाय :)