कपलर बदल (प्रतिकृती रेल्वे)

कपलर बदल म्हणजे प्रतिकृती रेल्वेतील मालवाघिणीचा मूळ कपलर काढून त्याजागी दुसऱ्या प्रकारचा कपलर बसवणे होय. दोन वाघिणींना जोडणाऱ्या भागास कपलर म्हणतात. १:८७ या प्रमाणातील, 'एचओ' नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या जुन्या प्रतिकृतींमध्ये हा बदल विशेष प्रचलित आहे.

== पार्श्वभूमी ==
अमेरिकेतील खऱ्या रेल्वेवर पूर्वी कडी आणि खिट्टीने वाघिणी जोडत. त्यासाठी कामगाराला दोन वाघिणींच्या मध्ये उभे राहावे लागे व त्यात अनेकांनी बोटे, हात किंवा प्राण गमावले. एली जॅनी यांनी १८७३ साली स्वयंचलित नकल कपलरचे पेटंट घेतले. बोटे वाकवून एकमेकांत अडकवलेल्या दोन हातांसारखी त्याची रचना असते. १८९३ च्या कायद्याने स्वयंचलित कपलर बंधनकारक केले.

प्रतिकृतींमध्ये मात्र १९५० च्या दशकापासून 'एक्स-२-एफ' हा प्लॅस्टिकचा स्वस्त शिंग-आकडा कपलर रूढ झाला. कीथ व डेल एडवर्ड्स या जुळ्या बंधूंच्या 'केडी' या कंपनीने चुंबकाने सुटणारा धातूचा नकल कपलर आणला. पेटंटची मुदत संपल्यानंतर इतर उत्पादकांनीही त्याच्याशी जुळणारे कपलर बनवले.

== बदलाची कारणे ==
शिंग-आकडा कपलर एकमेकांना बाजूला रेटतात. गाडी ओढताना हा दोष फारसा जाणवत नाही. मागे ढकलताना मात्र वळणावर किंवा सांध्यावर वाघिणी रुळांवरून घसरतात. कपलर थेट बोगीला जोडलेला असल्यास हा धोका वाढतो. नकल कपलरमध्ये ढकलण्याचा जोर बहुतांशी मध्यरेषेतून जातो. शिवाय रुळांमधील चुंबक कपलरखालची पोलादी पिन बाजूला ओढतो, त्यामुळे हात न लावता वाघिणी सुटतात.

== पद्धत ==
कपलर वाघिणीच्या तळाला असल्यास पेटीचे झाकण उघडून नवा कपलर व त्याची स्प्रिंग बसवतात. तो बोगीला असल्यास बोगीची पुढे आलेली दांडी कापून तळाच्या बरोबर मध्यरेषेवर नवी पेटी स्क्रूने बसवतात. कपलर सहज हलून आपोआप मध्यभागी परत आला पाहिजे. पेटीत तेल घातल्यास धूळ चिकटते, म्हणून ग्राफाइटची कोरडी भुकटी वापरतात. लांब वाघिणी तीव्र वळणावर चालवायच्या असल्यास लांब दांड्याचा कपलर निवडावा लागतो.

== उंची ==
बदलाचे यश मुख्यतः उंचीवर अवलंबून असते. एचओ प्रमाणात कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे ९.९ मिलिमीटर उंच असावा लागतो. उंची जुळली नाही तर चढाच्या आरंभी किंवा शेवटी कपलर एकमेकांवरून निसटतात आणि गाडी मध्येच तुटते. उंची मापकाने तपासतात. कपलर खाली असल्यास बोगी व तळ यांमध्ये पातळ चकत्या घालतात. दांडा मध्याच्या वर किंवा खाली असलेले कपलरही यासाठी मिळतात. पिन सांध्यात अडकत असेल तर ती पकडीने किंचित वर वाकवतात.

== संक्रमण ==
हे दोन्ही प्रकार एकमेकांत जुळत नाहीत. सर्व वाघिणी एकाच वेळी बदलणे खर्चिक असल्याने काही हौशी एका टोकाला जुना व दुसऱ्या टोकाला नवा कपलर असलेली दुवा-वाघीण ठेवतात. तिच्यामुळे संग्रह टप्प्याटप्प्याने बदलत असतानाही गाडी चालू राहते.