‘गुलामगिरी’चें अर्पणपत्र आणि अमेरिकेचीं तीन रूपें

१. पोथीचें मंगलाचरण आणि शेवटची पुष्पिका पाहिल्यावांचून कोणीहि जाणता संशोधक त्या पोथीविषयीं मत देत नाहीं. ती कोणी, केव्हां व कोणासाठीं लिहिली हें बहुधा तेथेंच कळतें. छापील ग्रंथांच्या बाबतींत मात्र हा विवेक सुटतो. अर्पणपत्र म्हणजे शिष्टाचाराचें पान, असें समजून वाचक पुढें जातो, आणि जीर्ण पुस्तक पुन्हां बांधतांना तेंच पान प्रथम गळतें. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथाचें अर्पणपत्र अशा उपेक्षेस पात्र नाहीं. महाराष्ट्रानें अमेरिकन राजकारणाकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, याचें तें अस्सल साधन आहे.

२. जोतीरावांनीं आपला ग्रंथ अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या सज्जन लोकांस अर्पण केला आहे. गुलामांस दास्यांतून सोडविण्याच्या कामीं त्यांनीं निःस्वार्थ बुद्धि दाखविली, हें त्याचें कारण. आणि आपल्या देशबांधवांनीं तोच कित्ता शूद्रांच्या मुक्ततेसाठीं गिरवावा, ही त्यास जोडलेली इच्छा. अमेरिकेंत गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरांत अमलांत आली. तिला आठ वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच हें पान छापलें गेलें. आणि त्याच वर्षीं २४ सप्टेंबरास सत्यशोधक समाज स्थापन झाला. ही दोन कृत्यें जोडून वाचलीं म्हणजे अर्पणपत्राचा हेतु उघड होतो. नांव परक्यांचें घेतलें आहे, पण मागणें घरच्यांकडे आहे.

३. आतां अमेरिकेची ही वार्ता पुण्यास कोणत्या वाटांनीं आली तें पाहूं. पहिली वाट मिशनऱ्यांची. १८१० सालीं न्यू इंग्लंड प्रांतांतील चर्चमंडळींनीं स्थापिलेल्या अमेरिकन बोर्डाचे उपदेशक १८१३ पासून मुंबईंत स्थिरावले, १८३१ त अहमदनगरास पोंचले, आणि १८४२ पासून त्यांचें ‘ज्ञानोदय’ पत्र निघूं लागलें. अहमदनगर येथील मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनीं पाहिली होती. त्यांचें स्वतःचें इंग्रजी शिक्षण मात्र पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें. दुसरी वाट ग्रंथांची. थॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ त्यांनीं तरुणपणींच वाचला, असें चरित्रकार सांगतात. तिसरी वाट कापसाची. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत अमेरिकन कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हां इकडचे भाव चढले. युद्ध संपतांच ते कोसळले. त्या तेजींत वाढलेली शेतकऱ्यांची कर्जें पुढें भारी झालीं, आणि १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांविरुद्ध सुरू झालेल्या दंग्याच्या कारणांत या मंदीचीहि गणना होते. तात्पर्य, अमेरिकेंतील गुलामांचा प्रश्न दख्खनच्या कुणब्याच्या खतापर्यंत येऊन पोंचला होता.

४. ज्यांस ग्रंथ अर्पण झाला ते सज्जन लोक कोण? अमेरिकन लोक हा एकजिनसी समाज नव्हे. दक्षिणेंतील मळेवाल्यांचें बळ तर १७८७ च्या राज्यघटनेंतच गोवलेलें होतें. गुलामांस मत नसतांहि प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांमागें तीन माणसें धरीत. त्यांच्यासमोर क्वेकर पंथ व न्यू इंग्लंडमधील सुधारक उभे राहिले. पण चर्चमंडळींतहि एकवाक्यता नव्हती. अमेरिकन बोर्ड या प्रश्नावर बोटचेपेपणा करितें म्हणून असंतुष्ट झालेल्या लोकांनीं १८४६ त निराळी मिशनरी संस्था काढली. उत्तरेंतील पुष्कळ शेतकरी व कारागीर यांस कृष्णवर्णीयांचा कळवळा होता असें नाहीं. पश्चिमेकडील नव्या मुलुखांत गुलाम येऊन आपली मजुरी बुडूं नये, एवढेंच त्यांस हवें होतें. आणि ज्यांची मुक्तता व्हावयाची ते स्वस्थ बसले नव्हते. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामींतून निसटून आलेले वक्ते होते, आणि सुमारें १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या सैन्यांत लढले. अर्पणपत्रांत यांपैकीं उपकारकर्ता तेवढा दिसतो. मुक्त होणाऱ्याचा हात दिसत नाहीं.

५. येथें असा पूर्वपक्ष संभवतो कीं, जोतीरावांनीं अमेरिकेस फाजील श्रेय दिलें. कारण १८७७ नंतर दक्षिणेंत कृष्णवर्णीयांचा मताधिकार कर व परीक्षा यांच्या आडून हिरावला गेला, आणि तो खऱ्या अर्थानें परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. यावर आमचें उत्तर असें : दृष्टान्त सर्वांशांनीं लावावयाचा नसतो. मुखास चंद्र म्हटलें म्हणून त्यावर डाग शोधीत नाहींत. सत्ता भोगणाऱ्या वर्गांतील कांहीं लोक स्वार्थ सोडून दास्याविरुद्ध उभे राहूं शकतात, एवढाच या दृष्टान्ताचा अंश. आणि तेवढा तो खरा आहे.

६. पुढील पिढ्यांनीं मात्र दृष्टान्ताची बाजू बदलली. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले. १९२७ त आमच्याच कुलाबा (आतांच्या रायगड) जिल्ह्यांत महाडच्या तळ्याचा सत्याग्रह त्यांनीं केला. शूद्र मूळचे कोण, हा प्रश्न घेऊन लिहिलेला आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनीं १९४६ सालीं जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. त्याच वर्षीं त्यांनीं कृष्णवर्णीय विद्वान् ड्यू बॉइस यांस पत्र लिहून, त्यांच्या लोकांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. पुढें १९७२ त मुंबईंत ‘दलित पँथर’ निघाली. तिचें नांव कॅलिफोर्नियांत १९६६ सालीं स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेतलेलें. म्हणजे १८७३ चा अमेरिकन उपकारकर्ता आहे, १९४६ चा समदुःखी आहे, आणि १९७२ चा लढणारा आहे. देश एकच, पण आपल्याकडील ज्या वर्गानें ज्या काळीं त्याकडे पाहिलें, त्यास त्यांतील आपल्या कामाचा वर्ग दिसला.

७. संग्राहकांस आमची एवढीच विनंति आहे. सुकापूर-पनवेलच्या आसपास किंवा अन्यत्र जुन्या घरांतून ‘गुलामगिरी’ची अथवा सत्यशोधकी चोपड्यांची प्रत हातीं आली, तर आरंभींचीं पानें शाबूत आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहावें. बांधणीस देतांना तीं मोजून द्यावींत. मालकाची सही, शिक्का, किंमत, गांवाचें नांव जें आढळेल तें जसेंच्या तसें उतरून ठेवावें. ग्रंथ कोणास अर्पिला हें छापलेलें आहे. तो कोणाच्या घरीं पोंचला हें मात्र अशा नोंदींवरूनच ठरणार आहे.